नळसाहेबाची पोथी

अंगण अर्धं सारवून झालं होतं. तुळशीपासून मोरीपर्यंतचा भाग ओला, हिरवट, बोटांचे अर्धगोल उमटलेला. मोरीपासून फाटकापर्यंतचा अजून कोरडा, उन्हानं तडकलेला. पार्वतीबाई मधोमध बसल्या होत्या, हात कोपरापर्यंत शेणात, आणि नेमके तेव्हाच गोपाळराव सायकल घेऊन फाटकात उभे राहिले. हँडलला पिशवी, पिशवीत पुस्तक.

"आणलं का हो?" पार्वतीबाईंनी मान वर न करता विचारलं.

"आणलं. पण नर्मदेचं नाही भेटलं. ते बाहेर गेलं म्हणते धोंडबा. ही दुसरी नदी आहे."

"कोणती?"

"दुसरी," गोपाळराव म्हणाले, आणि ओलं अंगण चुकवत भिंतीच्या कडेनं सायकल काढून आत गेले.

धोंडबा म्हणजे मोहल्ल्याच्या वाचनालयाचा सर्वेसर्वा. पुस्तक आलं की तो त्याला खाकी कागदाचं कव्हर चढवायचा, वर शाईनं नाव घालायचा आणि कोपऱ्यात एक अक्षर लिहायचा: ऐतिहासिकचा 'ऐ', सामाजिकचा 'सा', धार्मिकचा 'धा'. हे अक्षर तो नावावरूनच ठरवायचा. पुस्तकं उघडून वाचत बसलो तर वाचनालय कोण चालवील, असं त्याचं म्हणणं. या पुस्तकावर त्यानं लिहिलं होतं, 'दुसरी नदी. अध्याय दहा. धा.'

अध्याय दहा आहेत हे गोपाळरावांनी आतून ओरडून सांगितलं तेव्हा पार्वतीबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांना दहाच हवे होते.

त्याचं असं झालं होतं. चैत्रात गोपाळराव तापानं आडवे झाले. डॉक्टर टायफाइड म्हणाले, गल्ली मोतीझिरा म्हणाली. गोपाळराव शहराबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात मालाच्या बिल्ट्या लिहायचे. ताप चढला की ते ट्रकांचे नंबर बरळायचे आणि अमरावतीचा माल अकोल्याला गेला म्हणून हळहळायचे. एकोणिसाव्या दिवशी त्यांनी पार्वतीबाईंनाच ड्रायव्हर समजून 'गाडी मागं घे' म्हटलं, तेव्हा बाईंचा धीर सुटला. देवासमोर उभं राहून त्यांनी नवस बोलला: हे उठून वाडीला जाऊ लागले की गंगादशहऱ्यात, ज्येष्ठ प्रतिपदेपासून दशमीपर्यंत, पाच जणींना एका जाजमावर बसवून नदीची पोथी वाचीन, एक दिवस खंड पडू देणार नाही. शेजारच्या मीराबाई तेव्हा मागंच उभ्या होत्या, हातात पेजेचा गडवा घेऊन. त्यामुळे नवसाचा शब्द न् शब्द देवाला पाठ होता तसा मीराबाईंनाही पाठ होता. गोपाळराव पंधरा दिवसांत सायकलवर बसले. आता देणं पार्वतीबाईंचं होतं.

हात शेणाचे असल्यानं त्यांनी तेव्हा पुस्तकाला शिवण्याचा प्रश्नच नव्हता. आंघोळ करून आल्यावर त्यांनी ते उघडलं नाही, तसंच लाल कापडात बांधून देवघरात ठेवलं. संकल्पाआधी पोथी चाळणं त्यांना नैवेद्य चाखून पाहण्यासारखं वाटायचं.

प्रतिपदेच्या दिवशी चार वाजता बैठकीत जाजम अंथरलं गेलं. साल अठ्ठ्याहत्तर. नवतप्याचे नऊ तापते दिवस सरले होते, पण तसं कोणी उन्हाला कळवलेलं दिसत नव्हतं. खिडकीला खसची ताटी, चौरंगावर पोथी, बाजूला समई. पाच जणी वेळेवर आल्या: मीराबाई, सत्तरीच्या यमुताई, ज्यांना कमी ऐकू यायचं पण ज्या दर वाक्याला मान डोलवायच्या, कांताबाई आणि तिची जाऊ मनकर्णा, दोघी कायम जोडीनं, आणि उमरेडकडच्या खेड्यातून वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली पंचफुला, जी वाती वळता वळता प्रश्न विचारायची. हळदीकुंकू झालं. पार्वतीबाईंनी कापड सोडलं, पान उलटलं, आपल्या पदरचं 'श्रीगणेशाय नमः' म्हटलं आणि पोथीच्या संथ लयीत सुरुवात केली:

"त्या गावात नदी एक होती आणि नळ दोन. एका नळावर पाटी होती, गोऱ्यांसाठी. दुसऱ्या नळावर पाटी होती, काळ्यांसाठी. पाण्याला रंग द्यायचं मात्र सरकारच्या अजून ध्यानात आलं नव्हतं."

यमुताईंनी हात जोडले. लय अंगात इतकी मुरलेली की पार्वतीबाई दीड पान पुढं गेल्या तेव्हा कुठं आपण काय वाचतो आहोत ते त्यांच्या कानावर आलं. त्या गावात एका गोऱ्या साहेबाची नेमणूक झाली होती. दोन्ही नळांचं पाणी एकमेकांत मिसळत नाही ना, हे बघायचं. साहेब दोन नळांच्या मधे खुर्ची टाकून बसला होता आणि थेंबांवर नजर ठेवून होता. त्याचं नाव असं की वाचताना जीभ दाढेला अडकायची, म्हणून पार्वतीबाईंनी त्याला नळसाहेब करून टाकलं.

"गंगामायचं नाव कवा येईल वं?" कांताबाईनं विचारलं.

"येईल. पोथीले घाई नसते," पार्वतीबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या कपाळावरून घाम ओघळला.

अध्याय संपला, बायका गेल्या, तशी त्यांनी गोपाळरावांना धरलं. गोपाळरावांनी उभ्याउभ्या प्रस्तावना वाचली आणि सांगितलं की ही कादंबरी आहे, भाषांतर केलेली. आफ्रिकेच्या पार खालच्या टोकाला देश आहे, तिथले गोरे काळ्यांना आपल्या बाकावर बसू देत नाहीत, आपल्या बसमधे चढू देत नाहीत, पेपरात येतं ते. त्याची लेखकानं टर उडवली आहे. मग ते आणखी चार पानं वाचत राहिले आणि मधेच फिस्सकन हसले.

"हसता काय? तुमच्या जिवाचा नवस आहे."

"तू म्हटलं नदी, मी आणली नदी."

पार्वतीबाई देवघरासमोर बसल्या. संकल्प सोडला होता, समई लावली होती, आता पोथी मधेच बदलणं म्हणजे खंडच. त्यांनी आपला नवस मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिला. नदीची पोथी, एवढंच म्हटलं होतं. कोणत्या नदीची, ते म्हटलं नव्हतं. नर्मदा म्हटलं नव्हतं, गंगाही म्हटलं नव्हतं. आफ्रिकेतली नदीही देवानंच सोडलेली. अन् चौरंगावर ठेवलं, लाल कापडात बांधलं, कुंकू लावलं, ती पोथी. त्यांना जरा बरं वाटलं. त्यांनी गोपाळरावांच्या कपाळाला हात लावून पाहिला. गार होतं.

दुसऱ्या दिवशी नळसाहेबाला शंका आली की हे पाणी मुळात येतं कुठून. त्यानं नळाच्या मागं खणायला लावलं. दोन नळ, दोन नळ्या. पण चार हात खाली दोन्ही नळ्या एकाच पाइपाला जुळलेल्या. साहेब तिथंच भोवळ येऊन पडला, आणि कोणत्या नळाचं पाणी तोंडावर मारायचं हे ठरेना म्हणून संध्याकाळपर्यंत तसाच पडून राहिला. पंचफुला इतकी हसली की तिच्या मांडीवरचा कापूस सगळा जाजमावर उडाला. मनकर्णा म्हणाली, किती पागल लोक बाप्पा. सगळ्यांचं एकमत झालं की गोऱ्यांना अक्कल कमी.

तिसऱ्या दिवशी पार्वतीबाईंपुढं खरी अडचण आली. घाबरलेला साहेब तीन दिवस ब्रँडी पीत बसला होता आणि त्यासोबत डुकराचं मांस खात होता. देवाच्या चौरंगावर हे शब्द कसे उच्चारायचे? त्यांनी क्षणभर श्वास घेतला आणि साहेबाला लिंबाचं सरबत पाजलं. सोबत वांग्याचं भरीत वाढलं. पुढच्या ओळीत साहेब झिंगून नालीत पडला, राजधानीला अर्ज लिहिला की या गावाला ताबडतोब दुसरी नदी मंजूर करावी, आणि नालीतूनच त्यावर सही केली.

"सरबतानं काहून पडला?" पंचफुलानं विचारलं.

"ऊन लागलं असंल," पार्वतीबाई म्हणाल्या.

तेवढ्यात खसच्या ताटीपलीकडून कोणीतरी खदखदून हसलं. मग तोंडावर पदर दाबल्यासारखा आवाज आला आणि बंद झाला. ताटीपलीकडे मीराबाईंच्या घराच्या मागच्या दोन खोल्या होत्या, आणि त्या खोल्यांच्या पायरीवर प्रेमिला बसायची.

प्रेमिला महापालिकेच्या शाळेत शिकवायची. नवरा कोराडीच्या वीजकेंद्रात. संध्याकाळी बसमधून उतरायचा तेव्हा त्याच्या भुवयांवर राख असायची. छप्पन साली आईबापांबरोबर बुद्धाची दीक्षा घेतली तेव्हा ती सहा वर्षांची होती. मीराबाईंच्या मालकांनी, म्हणजे चंपतरावांनी, घरी न विचारता त्यांना खोल्या दिल्या होत्या, आणि हे दुखणं मीराबाईंनी तीन महिने सगळ्या गल्लीला सांगितलं होतं. गल्ली प्रेमिलाशी वाईट वागत नव्हती. भाजीवाल्यापाशी बोलायची, शाळेचं विचारायची, मॅडम म्हणायची. फक्त बोलणं फाटकापर्यंत असायचं, आत या असं कोणी म्हणायचं नाही. का, ते कोणी कोणाला विचारलं नव्हतं, कारण सगळ्यांना ठाऊक होतं.

चौथ्या अध्यायात पाद्री आला. दुसरी नदी मंजूर होईस्तोवर काय करावं, हे विचारायला नळसाहेब देवळात, म्हणजे त्यांच्या गिरजाघरात, गेला. पाद्रीबाबा समोर येताच मीराबाईंनी गुडघ्यावर हात ठेवला आणि उठल्या.

"पार्वताबाई, हे पोथी आहे का काय आहे? पोथीत पाद्री असते का? मी चार दिवस बोलली नाही. म्हटलं, येईल गंगा, येईल. गंगा नाही, गोदा नाही, निसते नळ. हा नवस फेडणं नाही होय."

"बसा ना, मीराबाई. नवसाले पाच जणी पाह्यजेत."

"म्हणूनच त सांगून राहिली. दुसरी पाहा."

आणि त्या गेल्या. बाकीच्यांनी अध्याय पुरा ऐकला. पाद्रीबाबानं फार विचार करून सल्ला दिला की तूर्तास नदीच्या मधोमध उगमापासून लांब दोरी बांधावी. दोरीच्या या अंगाचं पाणी गोऱ्यांचं, त्या अंगाचं काळ्यांचं. पाण्याला तसं बजावून सांगावं. एरवी यावर हसू आवरलं नसतं, पण मीराबाईंची जागा जाजमावर रिकामी होती आणि सगळ्या तिकडेच बघत होत्या.

त्या संध्याकाळी गोपाळराव वाडीहून आले आणि फाटकातच दोनदा शिंकले. पार्वतीबाईंच्या हातातलं उलथनं खाली पडलं. कपाळ पाहिलं तर गरम. वाडीपासून उन्हात सायकल मारत आलेल्या माणसाचं कपाळ गरमच असणार, हे गोपाळराव सांगत राहिले, पण त्यांना खिचडी मिळाली. पार्वतीबाईंनी गल्लीतली घरं मोजली. सुट्ट्या होत्या, निम्म्या बायका माहेरी, उरलेल्यांकडे मीराबाई आधीच जाऊन आलेल्या. उद्या चारला पाचवी कोण?

पाचव्या दिवशी साडेतीनलाच चौघी गोळा झाल्या. नाव काढलं ते पंचफुलानं. म्हणाली, मॅडम रोज पायरीवरून ऐकून राहिल्या, त्यांनाच बोलवा. कांताबाईनं मनकर्णाकडे पाहिलं, मनकर्णानं समईकडे. मग कांताबाई म्हणाली की ऐकू द्यावं, पण उंबऱ्याबाहेरून. ऐकायचं कानानं असतं, कान येतील आत. पार्वतीबाई म्हणाल्या, एका जाजमावर असं बोलली आहे मी, अन् ते मीराबाईंना पाठ आहे. यमुताईंना सगळं दोनदा मोठ्यानं सांगावं लागलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि तोड काढली: जाजम लांब आहे, एक टोक उंबऱ्यावरून बाहेर ओढा. मॅडम दारातल्या पायरीवर बसतील, जाजमही एकच राहील.

सगळ्यांना हे एकदम पटलं. चौघींनी मिळून जाजम ओढलं. उंबऱ्यावर त्याला उंटासारखी पाठ आली, पलीकडे हातभर टोक पायरीवर लोंबलं. कांताबाईनं ते हातानं साफ केलं. पार्वतीबाई दारात उभ्या राहून समाधानानं पाहू लागल्या.

पंचफुलाही पाहत होती. वात वळता वळता ती म्हणाली, "काकू, हे त नळसाहेबावानीच झालं. पाद्रीबाबानं नदीत दोरी टाकली, आपण जाजम ओढलं."

तिनं हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. तिला गंमत वाटली आणि ती बोलली. "चूप बस वं," कांताबाई म्हणाली, पण तिच्या आवाजात जोर नव्हता.

पार्वतीबाई उंबऱ्यावरच्या त्या उंटाकडे बघत राहिल्या. देव उंबरा मोजेल की नाही, हे त्यांना सांगता आलं नसतं. मीराबाई मात्र नक्की मोजतील. अन् आतून काहीतरी टोचत होतं ते वेगळंच. चार दिवस आपण ज्याला पागल म्हणून हसलो तो आपल्याच दारात खुर्ची टाकून बसला आहे, असं काहीसं. त्यांनी जाजमाचं टोक उचललं, झटकलं आणि सरळ आत ओढून घेतलं. मग चपला घातल्या आणि मागच्या खोल्यांकडे निघाल्या.

प्रेमिला पायरीवर वाळत घातलेल्या कुरड्या गोळा करत होती. पार्वतीबाईंनी नवस सांगितला, पाच जणी सांगितलं, जाजम सांगितलं. टोक बाहेर ओढल्याचं तेवढं सांगितलं नाही. पण मधे ताटीच होती. प्रेमिलानं सगळं ऐकलेलं असणार हे बोलता बोलता त्यांच्या ध्यानात आलं आणि कान तापले.

"काकू, मी नवसाले नाही येणार," प्रेमिला म्हणाली. "नवस तुमचा, देव तुमचा. कुंकू मी लावत नाही, पोथीच्या पाया पडत नाही. पुस्तकासाठी म्हणाल त येईन. दोनदा वाचलं आहे मी ते. वाचनालयाच्या मागणी-वहीत तीनदा लिहिलं तवा आलं. पण माझी एक अट आहे."

"सांग ना."

"गाळायचं नाही. साहेबानं ब्रँडी पेली त ब्रँडीच पेली पाह्यजे. लिंबाच्या सरबतानं कधी माणूस नालीत पडते का?"

पार्वतीबाईंनी घासाघीस केली. ब्रँडी एक वेळ म्हणेन, पण ते दुसरं जनावर देवासमोर तोंडातून निघणार नाही. प्रेमिलानं कुरडईचा तुकडा मोडून विचार केला.

"मांस म्हणा मग. पण वांग्याचं भरीत नका म्हणू. तो काय तुमच्या पंगतीले बसला होता?"

असं ठरलं. त्या दिवशी चार वाजता प्रेमिला आली, चपला बाहेर काढल्या आणि मीराबाईंच्या जागेवर, पंचफुलाशेजारी, जाजमावर बसली. हळदीकुंकवाचं ताट तिच्यापाशी आलं तेव्हा तिनं मान हलवली. पार्वतीबाईंनी ताट पुढं सरकवलं. छत खाली आलं नाही. मनकर्णा थोडी आखडून बसली होती, पण राजधानीहून तीन मोटारी भरून समिती आली, नदी मंजूर करण्याआधी तिला नमुन्यादाखल एक नदी पाहायची होती, आणि तिला पुन्हा पुन्हा तीच नदी वेगवेगळ्या बाजूंनी दाखवली, तोवर मनकर्णा आखडायचं विसरली.

गाळायचं नाही म्हटल्यावर पोथी एकदम ताठ उभी राहिली. साहेब ब्रँडी पिऊन पडू लागला, शिव्या देऊ लागला. पार्वतीबाई शिवी आली की डोळे मिटून, आधी रामराम म्हणून मग वाचायच्या. गोपाळराव गोदामातून तासभर लवकर सुटू लागले आणि आतल्या खोलीत पलंगावर बसून ऐकू लागले. पाच जणींत त्यांची गणती नव्हती, पण हसण्यात होती.

सातव्या दिवशी दुसरी नदी खणायला सुरुवात झाली. खणायला अर्थातच काळे. उन्हात खणून त्यांना तहान लागली तर प्यायला पाणी नाही, कारण जुन्या नदीला दोरी बांधलेली आणि नव्या नदीत पाणी यायचं होतं. एकजण चक्कर येऊन खड्ड्यात पडला तो उठलाच नाही. साहेबानं वहीत लिहिलं, नदीची खोली समाधानकारक. इथं हसावं की काय करावं कोणाला कळेना. मग कांताबाई म्हणाली, "किती नीच लोक असतील बाप्पा. एवढ्या दूर, तिकडं."

प्रेमिला म्हणाली, "माझ्या मायले मी हे पुस्तक वाचून दाखवलं, भीमाबाई नाव तिचं, तमाशातल्या सोंगाड्याले हसावं तशी हसत होती. आम्ही वाचताना गंभीर होतो, माय एकटीच हसे. मग म्हणे, त्या साहेबाले सांगा गा कोणी, एवढा खटाटोप काहून करून राहिला? आमच्या गावी धाडा त्याले. दुसरी विहीर आमच्याकडं कवाची तयार आहे."

यमुताईंनी कानाला हात लावला. "काय म्हणते?"

पंचफुलानं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं सांगितलं, "मॅडमची माय म्हणते, दुसरी विहीर आपल्याकडं आहेच म्हणते."

यमुताईंनी विचार केला. "होती," त्या म्हणाल्या. "आमच्याही गावी होती. पाणी आमच्या विहिरीपेक्षा गोड होतं म्हणत. आम्ही कवा पिऊन नाही पाह्यलं." आणि सवयीनं मान डोलावली.

प्रेमिला फस्सकन हसली. तिच्यामागं पंचफुला, मग नाइलाजानं मनकर्णा. पार्वतीबाई हसल्या नाहीत. अध्यायाची तीन पानं राहिली होती, ती त्यांनी लय सोडून, साध्या आवाजात, बातमी वाचावी तशी वाचली.

आठव्या दिवशी ताटीपाशी मीराबाईंच्या बांगड्या वाजल्या. त्या म्हणे मागची मोरी घासत होत्या. नवव्या दिवशीही मोरी घासत होत्या, चार ते पाच. चंपतराव गोपाळरावांना म्हणाले की गा, माझ्या घरची मोरी एवढी चकाचक कधी नव्हती.

दशमीला शेवटचा अध्याय. दुसरी नदी खणून झाली, पण तिच्यात पाणी आलं नाही. आणायचं तर पहिलीतूनच आणावं लागलं असतं. नळसाहेबानं जाहीर केलं की मिसळलेल्या पाण्याचा एक थेंब आपण ओठाला लावणार नाही. ब्रँडीही संपली. तो नदीकाठी खुर्ची टाकून बसला आणि पाण्याकडे बघत बघत तहानेनं मेला. मेल्यावर आंघोळ कोणत्या पाण्यानं घालायची, याचा अर्ज राजधानीला गेला. उत्तर यायला अकरा दिवस लागले. तोवर खणणाऱ्यांतल्या एका म्हाताऱ्याला वास सहन झाला नाही. त्यानं आपल्या मडक्यानं, दोरीच्या मधोमध उभं राहून पाणी भरलं आणि साहेबाला धुतलं. त्याला सहा महिने सजा झाली. पुस्तक तिथं संपत होतं.

यमुताई डोळे पुसत होत्या. कोणासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही. पार्वतीबाईंनी पोथी मिटली, तिला हळदीकुंकू वाहिलं आणि हात जोडले. दहा दिवस, पाच जणी, एक जाजम. आतल्या खोलीत गोपाळराव शिंकले नाहीत, खोकले नाहीत, नुसते नाक ओढत होते, पण ते पुस्तकामुळे.

पळीभर तीर्थ प्रत्येकीच्या तळहातावर पडलं. प्रेमिलानं हात पुढं केला नाही. "तीर्थ नको, काकू. पाणी द्या ग्लासभर. त्या साहेबानं घसा कोरडा केला माझा."

पार्वतीबाई आत गेल्या. मांडणीवर हाताशी आला तो गोपाळरावांचा पितळी पेला. माठातून भरला, आणून दिला. प्रेमिलानं एका दमात पिऊन खाली ठेवला. सहा दिवसांत तिनं या घरात काही खाल्लं-प्यायलं ते पहिल्यांदाच, हे पार्वतीबाईंच्या तेव्हा लक्षात आलं. बायका गेल्यावर तो पेला हातात घेऊन त्या मोरीपाशी थोडा वेळ उभ्या राहिल्या. रोजच्यासारखा एकदा घासावा की आणखी काही करावं? हंड्यात पाणी बेताचंच होतं, आणि नळ सकाळी सहाला यायचा. त्यांनी रोजच्यासारखा एकदा घासला आणि मांडणीवर होता तिथं पालथा घातला.

जाता जाता पंचफुला दारातून म्हणाली होती, "काकू, उद्या निर्जला एकादशी. उद्या आपण सगळ्याच नळसाहेब." कांताबाईनं तिला पाठीत धपका घातला, पण फाटकापर्यंत दोघी हसत गेल्या.

नवसाच्या सांगतेचं पाच जणींना जेवू घालायचं ते मग द्वादशीला ठरलं. प्रेमिलाला विचारलं तेव्हा ती म्हणाली, प्रसादाले बोलवाल त नाही, पुरणपोळीले बोलवाल त दोन खाईन. पार्वतीबाईंनी तिला पुरणपोळीलाच बोलावलं. गोपाळराव पुस्तक परत करायला वाचनालयात गेले; आल्यावर सांगत होते की धोंडबानं ते हातोहात चंपतरावांना दिलं, मीराबाईंनी चार दिवसांपासून नंबर लावून ठेवला होता. चुका काढायच्या आहेत, असं त्यांनी धोंडबाला सांगितलं म्हणे. कोपऱ्यातलं 'धा' धोंडबानं तसंच राहू दिलं. आता तर खात्रीच झाली, म्हणाला.

एकादशीला सकाळी ऊन चढायच्या आत पार्वतीबाईंनी पिशवी घेतली आणि पुरणासाठी गूळ आणायला त्या इतवारीच्या बाजारात निघाल्या.